गड गेला, पिठलं आलं

मराठीत ज्या किल्ल्यांवर सर्वाधिक लिहिले गेले त्यांत सिंहगडाचा क्रमांक फार वरचा आहे. पोवाडा, बखर, कादंबरी, नाटक, चित्रपट, शालेय धडा, वर्तमानपत्राची पुरवणी, असा एकही प्रकार नाही की ज्याने या डोंगराला हात लावला नाही. असे असूनही आमचे म्हणणे असे आहे की, आज सिंहगडाविषयी जे मराठी गद्य लिहिले जाते त्यात सिंहगड नसतो. त्यात सहल असते. आणि ही सहल आता इतकी ठरीव झाली आहे की, ती करण्यासाठी गडावर जाण्याचीही गरज उरलेली नाही. आधीचे चार लेख वाचले की पाचवा लिहिता येतो.

या लेखांचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. रविवारी पहाटे पुण्याहून निघायचे. सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीला नावे ठेवायची. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात 'अथांग निळाई' डोळ्यांत साठवायची. डोणज्याहून घाट चढायचा, किंवा अंगात धमक असल्याचे वाचकाला कळावे म्हणून आतकरवाडीची पायवाट धरायची. पुणे दरवाज्यात थांबून छाती भरून श्वास घ्यायचा, तानाजीच्या समाधीपाशी दोन वाक्ये गहिवरायचे, टिळकांच्या बंगल्यावरून ओझरते जायचे, दूरदर्शनच्या मनोऱ्याविषयी हळहळायचे. यानंतर येते पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही, आणि तेथे लेखकाची लेखणी खऱ्या अर्थाने फुलते. पाचशे वर्षांच्या तटबंदीला जी विशेषणे मिळाली नाहीत ती ठेच्याला मिळतात. शेवटी सूर्यास्त, आणि 'आजच्या पिढीने' या शब्दांनी सुरू होणारा एक परिच्छेद. लेख संपला.

आम्ही धायरीत राहतो आणि महाविद्यालयांत मराठी शिकवतो. या दोन्ही कारणांनी हे लेखन आमच्या अंगावर येते. धायरी फाटा ओलांडल्याशिवाय पुण्याहून यांपैकी एकही सहल पुढे सरकत नाही. परंतु या लेखांच्या लेखी धायरी म्हणजे केवळ खोळंबा. आणि वर्गात असे की, 'प्रवासवर्णन' हा वाङ्मयप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना स्वतः काही लिहायला सांगितले, की दहांपैकी पाच-सहा वह्यांत हाच साचा येतो. विद्यार्थ्यांचा दोष नाही. त्यांनी जे वाचले तेच ते लिहितात. दोष ते लिहिणाऱ्यांचा, छापणाऱ्यांचा, आणि 'ओघवती भाषा' असा शेरा मारून त्याला गुण देणाऱ्यांचा आहे.

सहलवर्णनाची मूळ खोड एकच आहे, आणि पुढचे सारे विवेचन तिच्याविषयी आहे. माणसांनी, विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेपोटी, श्रमाने घडवलेली वस्तू घ्यायची आणि तिच्यातून माणूस, काळ, गरज व श्रम एवढे वजा करायचे. जे उरते त्याला 'दृश्य' म्हणायचे. तलाव झाला की त्याचा 'निसर्ग' करायचा. गड झाला की त्याची 'स्फूर्ती' करायची.

प्रथम तलाव घेऊ. ज्याला हे लेख सह्याद्रीच्या कुशीतले निसर्गाचे लेणे म्हणतात, तो खडकवासल्याचा जलाशय निसर्गाने केलेला नाही. मुठा नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत दगडी धरण बांधले गेले तेव्हा तो झाला. फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअराच्या देखरेखीखाली हे काम झाले आणि इंग्रजी कागदपत्रांत या पाण्याला कित्येक वर्षे 'लेक फाइफ' असेच म्हटले जाई. पुणे शहराला व छावणीला पाणी आणि पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातील शेतीला कालवा, हा त्याचा हेतू. म्हणजे शिवकालातला एकही मावळा हा जलाशय पाहून गेलेला नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गडावरून खाली पाहिले असते तर मुठेचे खोरे दिसले असते, पाणी नव्हे. तरीही 'याच निळ्या पाण्याने तो पराक्रम पाहिला असेल' अशा अर्थाची वाक्ये आम्ही एकाहून अधिक ठिकाणी वाचली आहेत. वाक्य सुंदर असण्यासाठी खरे असावे लागत नाही, ही समजूत मराठी ललित गद्यात इतकी रुजली आहे की, तिला कुणी समजूतही म्हणत नाही.

हेच धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या सकाळी वरच्या अंगाचे, अजून बांधून पुरते न झालेले पानशेतचे मातीचे धरण वाहून गेले. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसाने पुण्याचा नकाशा बदलला. शहराच्या अनेक वस्त्या मुळात पूरग्रस्तांच्या वसाहती आहेत, हे तेथे वाढलेल्या मुलांनाही आज सांगावे लागते. पुन्हा बांधलेल्या पानशेतच्या जलाशयाला आज 'तानाजीसागर' म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थबकायला हवे. एका रात्रीच्या लढाईत पडलेल्या वीराचे नाव, एका सकाळी शहर बुडवून गेलेल्या पाण्याला! नामकरण करणाऱ्यांचा हेतू गौरवाचाच असणार. परंतु दोन स्मृती एका नावात अशा एकमेकींवर येऊन बसल्या आहेत की, त्यांवर एक चांगला निबंध सहज व्हावा. सहलवर्णनात तानाजीसागर येतो तो 'वेळ असल्यास पुढे पानशेतलाही जाता येते' एवढ्या माहितीपुरता.

पाण्याखाली गेलेल्या शिवारांचे काय? धरण म्हटले की कुणाची तरी जमीन आलीच, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शेजारच्याच मुळशीत १९२१ साली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात उतरले. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ती कादंबरी आमच्या अभ्यासक्रमांतून शिकवली गेली. वर्गात 'झाडाझडती'वर विस्थापनाचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी रविवारी खडकवासल्याच्या काठी उभा राहिला की, त्याला निळाईखेरीज काही दिसत नाही. वाचन आणि पाहणे यांच्यामध्ये आम्ही शिक्षकांनी आणि ललित लेखकांनी मिळून ही भिंत उभी केली आहे.

ही केवळ मराठीची गोष्ट आहे असेही नाही. स्कॉटलंडमध्ये लॉक कॅट्रिन नावाचा तलाव आहे. वॉल्टर स्कॉटची 'द लेडी ऑफ द लेक' ही दीर्घ कविता १८१० साली प्रसिद्ध झाली आणि त्या तलावाकाठी प्रवाशांची रीघ लागली. कवितेतली बेटे आणि कडे लोक प्रत्यक्षात शोधू लागले. पुढे ग्लासगो शहराला स्वच्छ पाणी हवे झाले तेव्हा याच तलावाची पातळी बांध घालून वाढवण्यात आली आणि १८५९ साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते ती योजना सुरू झाली. म्हणजे काव्याने प्रसिद्ध केलेला तलाव शहराचा पाणवठा झाला. आमच्याकडे क्रम उलटा आहे: शहराचा पाणवठा आधी झाला आणि त्याला काव्य मागाहून चिकटवले गेले. स्कॉटच्या वाचकाला निदान एवढे माहीत होते की, आपण एका कवितेमुळे येथे आलो आहोत. सिंहगडाच्या सहलकऱ्याला आपण कोणत्या पुस्तकामुळे येथे आलो याचा पत्ताच नाही. आपण इतिहासामुळे आलो, असे त्याला वाटते.

येथून आम्ही गडावर येतो. सिंहगड हा एक मजकूर आहे आणि त्यावर एकावर एक लेखनाचे थर आहेत. इसामी या फारसी कवीने १३५० साली पूर्ण केलेल्या 'फुतूह-उस्-सलातीन' या ग्रंथात महंमद तुघलकाने या किल्ल्याला घातलेल्या वेढ्याची हकीकत आहे. १३२८ च्या सुमाराची ही घटना. किल्ला होता कोंढाणा आणि तो लढवत होता नागनायक हा कोळी सरदार. वेढा महिनोन् महिने चालला. आपल्या सहलवर्णनांत नागनायकाला एखादे अर्धे वाक्य मिळाले तर मिळते, कारण त्याची गोष्ट आपल्याला ऊर भरून घ्यायला सोयीची नाही.

दुसरा थर कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून ती लिहिली गेली. आणि हेच राजाराम महाराज १७०० साली याच सिंहगडावर वारले. सभासदाचा तानाजी थोडक्यात येतो. निवडक मावळे, कड्यावरून चढाई, हातघाई, तानाजीचे पडणे, गड घेतल्याची इशारत म्हणून पागेला लावलेली आग, मागे सूर्याजीची नेमणूक. कारभार पाहिलेल्या माणसाने लिहिलेली हकीकत आहे ही. तीत घोरपड नाही, कमलकुमारी नाही, आणि राजांच्या तोंडी जो शोकोद्गार आहे त्यात सिंहही नाही. तेथे गडाच्या पारड्यात गडच टाकला आहे. एक मिळाला, दुसरा गमावला. शूर माणसाला किल्ल्याची उपमा देणारा हा सतराव्या शतकातला मराठी गद्यकार आम्हांला पुढच्या अनेक लेखकांपेक्षा संयमी वाटतो.

तिसरा थर तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याचा. अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली जो पोवाड्यांचा संग्रह छापला त्यामुळे तो छापील वाचकांपर्यंत आला. येथे मामला बदलतो. जिजाबाई सारीपाट खेळतात आणि पणात कोंढाणा मागतात. तानाजीच्या घरी रायबाचे लग्न निघालेले असते. यशवंत घोरपड कड्याला चिकटते. उदेभानाकडे चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल असतात. राजकारण येथे घरात येते. आईचा हट्ट, मुलाचे लग्न, धन्याचा शब्द, अशा ज्या पेचांत श्रोते स्वतः दररोज सापडत, त्या पेचांत शाहीर तानाजीला उभा करतो. म्हणून तो पोवाडा टिकला. वर्गात मात्र आम्ही काय विचारतो? 'घोरपडीची कथा खरी की खोटी?' प्राणिशास्त्राचा हा प्रश्न साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे चालला आहे. सभासदाला जिची गरज भासली नाही ती घोरपड शाहिराला का लागली, हा खरा प्रश्न; तो सहसा कुणी विचारत नाही.

चौथा थर हरिभाऊ आपट्यांचा. 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी १९०३ ची. स्कॉटच्या वळणाने रुजलेली ऐतिहासिक कादंबरी, प्लेगच्या वर्षांतून नुकतेच बाहेर पडलेले पुणे, परक्या सत्तेखालचा मध्यमवर्गीय वाचक. या साऱ्यांतून उदेभानाच्या कैदेतली राजपूत कमलकुमारी कथेच्या मध्याशी येते. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली मूकपटात आणि व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी १९३३ साली बोलपटात हीच कादंबरी पडद्यावर आणली. आज मराठी माणसाच्या डोक्यात जो सिंहगड आहे तो बहुतांशी आपट्यांचा आहे. 'तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला' हे तो छातीठोकपणे सांगतो. वास्तविक १६६३ च्या एका पत्रात, म्हणजे त्या लढाईच्या सात वर्षे आधी, 'सिंहगड' हे नाव आढळते, हे इतिहाससंशोधकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. कादंबरीच्या मथळ्याने इतिहासाच्या कागदावर मात केली. हे साहित्याचे केवढे सामर्थ्य! याचा अभिमान आम्हां साहित्यवाल्यांना वाटायला हवा होता आणि त्याची चिकित्साही आम्हीच करायला हवी होती. आम्ही दोन्ही केले नाही. आम्ही पिठलं खाल्ले.

पाचवा थर अगदी अलीकडचा. जानेवारी २०२० मध्ये तान्हाजीवर हिंदी चित्रपट आला. त्याच्या नावात तान्हाजीला 'अनसंग वॉरियर' म्हटले होते. अनसंग! ज्याच्यावरचा पोवाडा शाहिरांच्या पिढ्यांनी गायला, ज्याच्यावर मराठीतील एक गाजलेली कादंबरी आहे, ज्याच्यावर सावरकरांनी पोवाडा रचला आणि ज्याच्या लढाईवर मूकपट व बोलपट निघाले, त्याला न गायलेला वीर म्हणून विकण्यात आले. चित्रपटाच्या झलकीत १६७० च्या त्या लढाईला 'सर्जिकल स्ट्राइक' म्हटले होते. म्हणजे शाहिराने जसे आपल्या श्रोत्यांचे घर त्या कथेत आणले तसे या मंडळींनी आपल्या प्रेक्षकांचे वृत्तवाहिनीवरचे युद्ध आणले. तेही एका परीने समजण्याजोगे आहे. प्रत्येक काळ आपला सिंहगड लिहितो. परंतु 'अनसंग' या शब्दाला मराठीच्या प्राध्यापकांकडून, समीक्षकांकडून, मासिकांकडून जे उत्तर यायला हवे होते ते तेवढ्या जोराने आले नाही. कसे येणार? आपल्या विद्यार्थ्यांनी तो पोवाडा वाचलेला नव्हता. त्यांच्यापुरता तो वीर खरोखरच न गायलेला होता.

आणि न गायलेला कोणी हवाच असेल तर तोही याच गडावर आहे. १६८९ नंतरच्या धामधुमीत सिंहगड मोगलांकडे गेला. १६९३ साली नावजी बलकवडे यांनी तो परत जिंकला. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झालेली, राजाराम महाराज दूर जिंजीत, अशा काळातली ही चढाई. पुढे १७०३ साली औरंगजेबाने किल्ला पुन्हा घेऊन त्याचे नाव 'बक्षिंदाबक्ष' ठेवले, आणि मराठ्यांनी तो पुन्हा मिळवला. नावजींवर ना गाजलेली कादंबरी, ना बोलपट. १६७० ची रात्र एवढी झगझगीत करून ठेवली आहे की, तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे काहीच दिसत नाही. सहलवर्णन हा झगझगाट दरवर्षी नव्याने पेटवते.

आता एक गोष्ट अशी आहे की जी तलाव आणि गड या दोहोंना जोडते, आणि सहलवर्णनाला नेमकी तीच दिसत नाही. ती म्हणजे पाणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांचे प्रकरण आहे. गड बांधायचा तर त्या जागी आधी पाणी आहे का ते पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा त्यातला सल्ला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचे ते मराठी राजनीतीचे गद्य आहे आणि त्यातला गड हा सर्वांत आधी पाण्याची व्यवस्था आहे. सिंहगडावरचे देवटाके आणि इतर खोदीव टाकी ही त्या व्यवस्थेची खूण. कुणीतरी तो काळा कातळ छिन्नीने फोडला म्हणून गडावर शिबंदी राहू शकली, म्हणून वेढा महिनोन् महिने चालला, म्हणून गड घेण्यासाठी कुणाला मरावे लागले. गडाच्या सगळ्या वीरकथा या टाक्यांतल्या पाण्यावर उभ्या आहेत. सहलवर्णनात देवटाके येते ते 'फ्रीजलाही लाजवेल असे गार पाणी' या एका उपमेत. ही उपमा प्रथम कुणी वापरली ते कळत नाही. अखेरची कोण वापरणार याची आम्ही वाट पाहत आहोत.

याच पाण्यापाशी या लेखांतल्या 'मावशी' भेटतात. गडपायथ्याच्या वाड्यावस्त्यांतून डोक्यावर दह्याची मडकी आणि सरपण घेऊन चढणाऱ्या स्त्रिया. लेखकाने घामाघूम होऊन एकदा केलेली चढण, जिच्यावर तो दोन परिच्छेद खर्च करतो, ती यांच्यापैकी कित्येकींनी वर्षानुवर्षे केली आहे, ओझ्यासकट. लेखात त्यांचे काम एकच: 'हसतमुखाने' भाकरी वाढणे. मावशीला नाव नसते, गाव नसते, तिच्या तोंडी 'घ्या की आणखी, पोरांनो' यापलीकडे वाक्य नसते. गडावरच्या विक्रीविषयी सरकारी धोरण बदलले, झोपड्या हटल्या, की याच लेखकांपैकी निम्मे 'गड मोकळा झाला' म्हणून आनंदतात आणि निम्मे 'आता पिठलं कुठे मिळणार' म्हणून हळहळतात. तिचे आता कसे चालणार, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

यावर एक नाव आमच्या तोंडावर फेकले जाईल, ते म्हणजे गो. नी. दांडेकर. दुर्गप्रेमाच्या लेखनाची परंपरा त्यांच्यापासून येते, मग तुम्ही त्यांच्यावरच घसरता काय? मुळीच नाही. आमचा आरोप असा आहे की, त्यांच्या अनुयायांनी त्यांचा सुस्कारा घेतला आणि पाय टाकून दिले. 'पवनाकाठचा धोंडी' ही कादंबरी तुंग किल्ल्याच्या हवालदार घराण्यातल्या माणसाची आहे. 'माचीवरला बुधा' राजमाचीचा आहे. गोनीदांना गडावर आधी माणूस दिसला, त्याची बोली ऐकू आली, त्याची गरिबी आणि त्याचा ताठा दिसला. त्यांच्या भावुकतेशी आमचे मतभेद आहेत. पण ती भावुकता माणसाभोवती होती, ताटाभोवती नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक साळसूद असतो. 'अहो, माणसे आठवड्याभराचा शीण घालवायला जातात. सहलीला कसली समीक्षा?' सहलीला आमचा विरोध नाही. जावे, खावे, लोळावे, पोरांना तट दाखवावा. आमचे म्हणणे सहलीविषयी नाही, तिच्या लेखनाविषयी आहे. ज्या क्षणी माणूस लिहून छापायला देतो त्या क्षणी तो वाचकाला सांगतो की, मी पाहिले ते तुम्हीही असेच पाहा. तिसरा आक्षेप श्रद्धेचा: थर उलगडत बसलात तर स्फूर्ती उरणार नाही. आम्हांला हे उलट वाटते. घोरपड काढून घेतली की तानाजी उणा होतो असे ज्याला वाटते, त्याचा विश्वास तानाजीवर नसून घोरपडीवर आहे.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो ते सांगून टाकतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठेच्या उजव्या कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ खचली आणि गरिबांची घरे पाण्यात गेली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. जानेवारी २०२५ मध्ये गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण पुण्यात एकापाठोपाठ सापडू लागले, तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही नावे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. संशय पिण्याच्या पाण्यावर होता. धरणाच्या पायथ्याशी, काही किलोमीटरांच्या आत राहणारी माणसे विहिरीचे आणि टँकरचे पाणी पितात. धरणाचे पाणी त्यांच्या उशापायथ्याहून कालव्याने दौंड-इंदापुराकडे आणि जलवाहिन्यांनी शहरात जाते. धायरीचा काही भाग महापालिकेत आधीच आला होता, उरलेला २०१७ साली आला. नळाचे पाणी मात्र महापालिकेच्या हद्दीइतक्या वेगाने आले नाही.

त्याच महिन्यांत, जेव्हा आमच्या इमारतींत लोक पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून पीत होते, तेव्हा एका दैनिकाच्या पुरवणीने आमच्याकडे 'खडकवासला-सिंहगड: एका दिवसाची सहल' या विषयावर लेख मागितला. आम्ही तो लिहिला आणि त्यात पाण्याविषयी एक परिच्छेद घातला. लेख छापून आला तेव्हा तो परिच्छेद गाळलेला होता. कारण सांगण्यात आले की, पुरवणीचा सूर 'प्रसन्न' असतो. या एका विशेषणात आमच्या सगळ्या तक्रारीचे सार आहे. जो सूर प्रसन्न राहण्यासाठी आजारी माणसांना परिच्छेदातून बाहेर काढतो, तोच सूर नागनायकाला, नावजीला, टाके खोदणाऱ्याला आणि दह्याच्या मडक्याखालच्या मावशीला बाहेर काढत आलेला आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे आणि ती प्रथम आमच्याच व्यवसायबंधूंकडे आहे. प्रवासवर्णन शिकवताना या साच्याला गुण देणे थांबवा. सिंहगडाची सहल काढायचीच असेल तर विद्यार्थ्यांच्या पिशवीत सभासद आणि तुळशीदास द्या. कल्याण दरवाज्यापाशी बसून दोन्ही मोठ्याने वाचा, आणि मग आपट्यांनी काय बदलले ते विचारा. खडकवासल्याच्या काठी 'निळाई' हा शब्द वर्ज्य करा आणि हे पाणी कुठून येते, कुठे जाते, वाटेत कुणाला मिळत नाही, हे विचारून लिहायला लावा. गडावर जेवाल तर जरूर जेवा; मात्र वाढणाऱ्या बाईंना त्यांचे नाव विचारा आणि त्या खाली कोणत्या वस्तीत राहतात तेही. लेखात पिठल्यावर एकच वाक्य लिहावे, बाकीची जागा त्यांच्या बोलण्याला द्यावी.

एवढे केले तर कदाचित लेख प्रसन्न होणार नाहीत. पुरवण्या ते छापणारही नाहीत. परंतु ज्या भाषेत एका डोंगराविषयी फारसी कवीपासून शाहिरापर्यंत आणि बखरकारापासून कादंबरीकारापर्यंत एवढ्या जणांनी जीव ओतून लिहिल्याची आठवण आहे, त्या भाषेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्याच डोंगराविषयी ठेच्याची चव सोडून काही सांगता येऊ नये, ही नामुष्की त्याची नाही. ती शिकवणाऱ्यांची आहे, आणि ती पुसण्याचे कामही शिकवणाऱ्यांनाच करावे लागेल.